डल्सीची परवानगी

नेव्हिल ट्रेगेन्झाचं चुकलं ते एवढंच, की त्यानं विचारलं.

ऑस्ट्रेलियातल्या यारपिना गावच्या, हौशी मंडळींनी चालवलेल्या जुन्या रेल्वेत ही गोष्ट आजवर कुणी विचारली नव्हती. रविवारमागून रविवार बारा नंबरच्या वाफेच्या इंजिनाच्या तेलपाण्यात घालवलेलं माणूस गेलं, की घरचे एखाद्या सकाळी राखेचा डबा घेऊन शेडमध्ये यायचे. फायरमन टोपी काढायचा, राख कोळशाच्या फावड्यावर घ्यायचा आणि भट्टीचं दार उघडून आत सारायचा. ड्रायव्हर एक लांब शिट्टी द्यायचा. वर दोन फावडी कोळसा, की झालं. तीन ड्रायव्हर, एक सिग्नलवाला आणि कुणाचा तरी लाडका कुत्रा, एवढे जण बारा नंबरच्या धुरांड्यातून आभाळात गेले होते. त्यासाठी ना अर्ज, ना ठराव. डोळ्यानं डोळ्याला सांगावं आणि हातानं उरकावं, असं ते चालत आलं होतं.

पण नेव्हिलची सगळी नोकरी नगर परिषदेच्या बांधकाम परवाने खात्यात गेलेली. शेजारी कुणी कोंबड्यांचं खुराडं बिनपरवाना उभं केलं, तरी याला अन्न गोड लागत नसे. रविवारी तो बारा नंबरवर फायरमन असायचा; निवृत्त झाल्यावर रेल्वे मंडळाचा नियम-सचिवही झाला. ज्या रेल्वेला एक वाफेचं इंजिन, चार डबे आणि डोंगरापर्यंत जाऊन परत येणारा एकच रूळ, तिच्यासाठी त्यानं एवढं जाडजूड नियमपुस्तक लिहिलं, की वाऱ्यात दार आपटू नये म्हणून ते दाराशी लावता यायचं. लोक लावायचेही. नेव्हिल ते मुकाट्यानं उचलून, पुसून पुन्हा फळीवर ठेवायचा.

त्याची बायको डल्सी गेली ती हिवाळा सरता सरता. स्टेशनातलं चहाघर ती आणि तिची मैत्रीण व्हर्ना चालवायच्या. गाडी सुटली की पीठ मळायचं, गाडी परतली की गरम गरम स्कोन, जर्दाळूचा मुरंबा आणि साय उतारूंच्या पुढ्यात ठेवायची. शेवटच्या दिवसांत नेव्हिल हॉस्पिटलात तिच्या उशाशी बसून बारा नंबरच्या बॉयलरविषयी बोलत असे, कारण दुसरं काय बोलावं ते त्याला सुचत नव्हतं. एकदा ती डोळे न उघडताच म्हणाली, "मी गेले की मला तुझ्या त्या बारा नंबरच्या भट्टीत घाल. निदान तेव्हा तरी तू माझ्याकडे बघशील."

नेव्हिलनं हे खिशातल्या वहीत जसंच्या तसं नोंदवलं. अंतिम इच्छा म्हणून. त्यात आणखी काही असेल, अशी शंका त्याला शिवलीही नाही.

शिवाय घाई होती. बारा नंबरच्या बॉयलरचा दाखला या हंगामाअखेर संपत होता. मग बॉयलर उघडणार, नळ्या निघणार, आणि पुन्हा कधी वाफ धरेल ते कुणी छातीठोक सांगत नव्हतं. नेव्हिलचं वय असं, की 'पुढच्या खेपेला' हे शब्द त्याच्यापुढे डॉक्टरही जपून वापरत. या हंगामात डल्सी भट्टीत गेली नाही, तर तिला तिथे घालणारा हात उरणार नव्हता.

स्मशानगृहानं दिलेला राखाडी प्लॅस्टिकचा डबा त्यानं स्वयंपाकघराच्या फळीवर मैद्याशेजारी ठेवला. तिथे ती रमेल, असं त्याला वाटलं. घर इतकं शांत झालं होतं, की फ्रिज थांबला की तो दचकायचा.

शेजारच्या कोस्टानं कुंपणावरून सल्ला दिला. "भट्टी कसली, गड्या? लिंबाखाली घाल. माझी सासू लिंबाखालीच आहे. झाड बघ कसं लगडलंय. जिवंतपणी बाईनं मला पाण्याचा पेला दिला नाही, आता वर्षभर लिंबं देते." आणि त्यानं पिशवीभर लिंबं नेव्हिलच्या हाती ठेवली. त्या दिवसापासून नेव्हिल चहा बिनलिंबाचा पिऊ लागला. समोरच्या घरातून निरोप आला की राखेचा हिरा करून देतात. कोपऱ्यावरच्या बाईंनी सुचवलं की समुद्र बरा, समुद्राला कुणाची परवानगी लागत नाही. नेमकं हेच वाक्य नेव्हिलला खटकलं. समुद्राला लागत नसेल, पण रेल्वेला लागत असेल की. आपणच नियम-सचिव आणि आपणच चोरून बायकोला जाळायचं, हे त्याच्या मनाला पटेना. त्यानं रीतसर अर्ज केला.

अर्ज येईपर्यंत मंडळातल्या सगळ्यांनी ते गृहीतच धरलं होतं. पण एकदा प्रश्न कागदावर आला, की त्याला उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर द्यायचं म्हणजे बैठक आली. मालधक्क्याच्या जुन्या शेडमध्ये, खोबऱ्याच्या केकची ताटली मधोमध ठेवून, मंडळ बसलं. अध्यक्ष ॲल्विन हॉकिंग हा नेव्हिलचा जुना दोस्त, गाडीचा गार्डही तोच. त्यानं डोळे पुसून विषय मांडला आणि दोन मिनिटं सगळे खाली मान घालून बसले. तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी विचारलं, की नियमपुस्तकात 'मान्यताप्राप्त इंधनाखेरीज काहीही भट्टीत टाकू नये' असं लिहिलंय, त्याचं काय?

सगळ्यांनी नेव्हिलकडे पाहिलं. ते कलम त्याचंच होतं. भट्टीत एकानं सॉसेज भाजले होते, त्यानंतर घातलेलं.

मग डल्सी इंधन आहे की नाही, यावर चर्चा झाली. ती इंधन नाही, असं बहुमत पडलं. नेव्हिलला ते ऐकून बरं वाटलं आणि वाईटही. हाडांच्या राखेनं नळ्यांत कीट धरेल का, हा प्रश्न बॉयलर उपसमितीकडे गेला. सरपण म्हणून तिला मान्यता द्यावी, अशी दुरुस्ती एकानं सुचवली आणि शेजाऱ्यानं पायावर पाय दिल्यावर मागे घेतली. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. केक मात्र संपला.

पुढच्या बैठकीत विमा निघाला. विमा कंपनीच्या दृष्टीनं रेल्वेच्या हद्दीत तीनच गोष्टी असू शकतात: उतारू, माल किंवा स्वयंसेवक. उतारूला इंजिनावर चढता येत नाही. मालवाहतुकीचा परवाना मंडळानं केव्हाच परत केला होता. राहिला स्वयंसेवक. डल्सी स्वयंसेवक होतीच. पण स्वयंसेवकानं दर वर्षी सुरक्षेची उजळणी करायची असते, आणि तिची या वर्षीची उजळणी राहून गेली होती.

"का राहिली?" एका नव्या सभासदानं विचारलं.

"वारली ती," ॲल्विन म्हणाला.

नव्या सभासदानं कारण लिहून घेतलं.

तेव्हा कुठल्याशा सरकारी सुरक्षा कार्यालयाला विचारावं, असं ठरलं. ठरावाला अनुमोदन खुद्द नेव्हिलनं दिलं; सवयीनं त्याचा हात वर गेला. त्या कार्यालयात हे प्रकरण कुणाच्या टेबलावर पडलं कोण जाणे, पण 'रेल्वे', 'मृत स्वयंसेविका' आणि 'भट्टी' एवढे तीन शब्द वाचून त्यांनी त्याची नोंद अपघात म्हणून केली. चौकशी होईतो गाड्या बंद ठेवण्याचा हुकूम आला. ऐन वसंतातला रविवार, शहरातून कॅमेरे गळ्यात घालून आलेली शौकीन मंडळी, आणि फाटकाला साखळी. चौकशीला आलेला तरुण अधिकारी फार सौजन्यानं वागला. देह प्रथम कुठे आढळला, असं त्यानं विचारलं. नेव्हिल त्याला घरी घेऊन गेला आणि फळी दाखवली. अधिकारी मैदा, डल्सी आणि साखर यांच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं वही मिटली आणि चहा मागितला. जाताना तो आपल्या आजीविषयी बोलत होता.

गाड्या सुरू झाल्या, पण बुडालेल्या रविवारचा राग नेव्हिलवर निघाला. शेडमध्ये तो आला की बोलणं तुटायचं. जे लोक आजवर मृतांना बिनबोभाट धुरांड्यातून पाठवत आले होते, त्यांचीही वाट आता बंद झाली होती. विचारल्याशिवाय कुत्रंही जाणार नव्हतं. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं तर तोंडावर सांगितलं, "नेव्ह, माझं मरण अवघड करून ठेवलंस बघ तू." नेव्हिलनं माफी मागितली. दुसरं काय करणार? घरी येऊन तो फळीसमोर खुर्ची टाकून बसला. डल्सीनं काही विचारलं नाही, म्हणून त्यानंही काही सांगितलं नाही. लग्नानंतरच्या बहुतेक संध्याकाळी तशाच गेल्या होत्या. फरक इतकाच, की आता तो तिच्याकडे तोंड करून बसला होता.

अखेर तिसऱ्या बैठकीत परवानगी मिळाली. अटींसह. हंगामाच्या शेवटच्या रविवारी, गाडी उभी असताना, राख थोडी थोडी करून, हातमोजे घालून. आणि मृताचा नातेवाईक मनानं स्थिर नसण्याचा संभव असल्यानं हे काम दुसऱ्या फायरमननं करावं. नातेवाइकानं फलाटावरच्या पिवळ्या रेषेमागे उभं राहावं. पिवळ्या रेषेमागून भट्टीचं दार दिसत नाही, हे नेव्हिलला ठाऊक होतं. ती रेषा त्यानंच आखून घेतली होती. त्यानं सही केली.

आणि त्या रविवारी पहाटेपासून उत्तरेचा वारा सुटला.

तो वारा वाळवंटातून येतो. घराघरांच्या पत्र्यांवर वाळू वाजू लागते, झाडांच्या साली सोलून निघतात, शेतातला पिकलेला गहू नुसता कडकड करतो. ॲडलेडच्या रेडिओनं सकाळीच सांगितलं: जिल्ह्यात संपूर्ण आगबंदी. त्या दिवशी अंगणात सॉसेजही भाजायचे नसतात. कोळशाचं इंजिन तर स्वप्नातही पेटवायचं नसतं. नेव्हिल इस्त्रीचा कोट घालून, डबा छातीशी धरून स्टेशनात आला, तेव्हा फलाटाला डिझेल लागलं होतं. शौकीन मंडळी डिझेलला इंजिन म्हणत नाहीत, पेटारा म्हणतात. त्याचा फोटो घेणंही कमीपणाचं मानतात. कॅमेरे झाकून ती मंडळी मयताला आल्यासारखी भिंतीला टेकून उभी होती. शेडच्या अंधारात बारा नंबर गारढोण पडलं होतं. सोमवारपासून त्याचा दाखला संपत होता.

ॲल्विन जवळ आला. काही वेळ तो नेव्हिलच्या कोटाच्या बटणाकडे बघत राहिला. "नियम आहे रे, नेव्ह."

"हो," नेव्हिल म्हणाला. "बरोबर आहे नियम."

त्याला खरोखरच तो बरोबर वाटत होता, आणि हेच त्याला सोसवत नव्हतं. कुणावर चिडावं तर समोर कुणीच नव्हतं. तो बाकावर बसला. डबा मांडीवर. वाऱ्यानं टोपी उडाली, ती आणायलाही तो उठला नाही.

तेव्हा चहाघराची फळकुटाची खिडकी धाडकन बंद झाली. व्हर्ना बाहेर आली. तिनं एप्रन सोडून ॲल्विनच्या हातात कोंबला आणि सांगितलं, की आज चहा मंडळानं करावा, पीठ भिजवलेलं आहे, ओव्हन कुठे असतो ते शोधावं. ॲल्विन म्हणाला, मी गार्ड आहे. मग बॉयलर उपसमितीला सांग, व्हर्ना म्हणाली. त्यांना उष्णतेतलं कळतं. मग ती नेव्हिलकडे वळली.

"ऊठ. गाडीत बसायचंय."

"कोळसा नाही, व्हर्ना. आज काही होणार नाही."

"कोळसा नाही ते दिसतंय मला. तिला घे आणि ऊठ."

शेवटच्या डब्यात, खिडकीशी, तिघं बसले. मध्ये डल्सी. नेव्हिल उतारू म्हणून या गाडीत कधी बसला नव्हता. तो सदा इंजिनावर असायचा. त्याला सीट मऊ लागली आणि आपण चुकीच्या ठिकाणी आहोत असं वाटत राहिलं. गाडी हलली. स्टेशन मागे गेलं, शेड मागे गेली, गावाबाहेरची धान्याची कोठारं मागे गेली.

"तिला वचन दिलं होतं," नेव्हिल खाली बघत म्हणाला. "भट्टीत घालायचं. एवढी एकच गोष्ट मागितली होती तिनं मला."

व्हर्ना त्याच्याकडे वळून बघत राहिली. "नेव्ह, अरे भल्या माणसा. ती टोमणा मारत होती तुला."

नेव्हिलनं मान वर केली.

"मला सांगितलं होतं तिनं. म्हणाली, एवढं बोलले तर हा हसेल, निदान रागावेल. तर म्हणे, खिशातून पेन्सिल काढली."

चाकं खडखडत राहिली. तीन बैठका, एक उपसमिती, एक विमा कंपनी, एक सरकारी चौकशी, आणि गावानं धरलेला अबोला: हे सगळं एका टोमण्यावर उभं होतं. इतक्या वर्षांत तिनं असे आणखी किती टोमणे मारले असतील आणि आपण किती नोंदवून घेतले असतील, याचा नेव्हिल हिशेब लावू लागला आणि घाबरून थांबला.

"मग तिला हवं काय होतं?" त्यानं विचारलं.

"मला काय ठाऊक? गाडीत बसायचं होतं बहुतेक. कधी बसलोच नाही ना आम्ही. गाडी सुटली की पीठ, गाडी आली की चहा." व्हर्नानं खिडकीची काच खाली ओढली. गरम वारा आत घुसला. "पुढे ते वळण आहे ना, खडकातलं? तिथून गाडी दिसेनाशी व्हायची. डल्सी पीठ मळता मळता म्हणायची, काय असेल गं त्याच्या पलीकडे? मी म्हटलं, नवरा दर रविवारी जातो, त्याला विचार की. तर म्हणाली, विचारलं. तो म्हणाला, चाळिसास एकचा चढ आहे."

गाडी त्या वळणात शिरली. दोन्ही बाजूंना लाल खडक आले, डब्यात काळोख झाला, मग एकदम उजेड. नेव्हिलनं सवयीनं इंजिनाच्या आवाजाकडे कान दिला. मग मान वळवून बाहेर बघितलं.

"चढ चाळिसास एकचाच आहे," तो हळूच म्हणाला. ते व्हर्नासाठी नव्हतं. मग घसा खाकरून तो राखेच्या डब्याकडे जरा झुकला. "आणि गहू आहे. पार टेकडीपर्यंत. पिवळा. नाही, पिवळा नाही, तुझ्या त्या जुन्या गालिच्यासारखा. मधे एक पवनचक्की आहे, तिचं एक पातं मोडलंय. खाली पांढरं दिसतंय ते मीठ आहे, तळं आटलेलं. त्यात एक कांगारू उभा आहे. एकटाच आहे. काय करतोय तिथे, कळत नाही."

तो बोलत राहिला, अडखळत, परकी भाषा बोलल्यासारखा. शब्द कमी पडले की हातानं दाखवायचा. व्हर्ना दुसऱ्या खिडकीकडे तोंड करून बसली होती. चढावर पेटारा दमला, गाडी चालत्या माणसाइतकी हळू झाली. नेव्हिल उठला. त्यानं राखेचा डबा उचलला आणि गाडीच्या टोकाला असलेल्या उघड्या सज्ज्यात गेला.

"कुठे निघालास?" व्हर्नानं विचारलं.

"तिला पुन्हा फळीवर नाही नेत मी."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं नाही. ॲल्विन पुढच्या डब्यात तिकिटं तपासत होता. त्याला हाक मारली असती तर तो आला असता. नेव्हिलनं झाकण काढलं आणि हात बाहेर धरला.

उत्तरेच्या वाऱ्यानं तिला एका झपाट्यात घेतलं. थोडी नेव्हिलच्या कोटावर आली, थोडी मागून धावत आलेल्या व्हर्नाच्या केसांत गेली. उरलेली लांबच लांब करडी ओढणी होऊन गव्हावरून तरंगत गेली, उन्हात क्षणभर रुप्यासारखी झाली आणि विरली. दोघं कठड्याला धरून उभे राहिले. फार दिवसांनी नेव्हिलला मोकळा श्वास आला.

तेवढ्यात ब्रेक लागले.

समोरच्या टेकडीवर एक शेतकरी सकाळपासून दुर्बीण घेऊन बसला होता. आगबंदीच्या दिवशी गहू उभा असला की ते लोक बसतातच. गाडीच्या मागून करडा धूर निघालेला त्यानं पाहिला आणि अग्निशमन दलाला फोन केला; दलानं ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. गाडी कळा लागल्यासारखी कण्हत थांबली. ॲल्विन पिवळा पडून धावत आला. धुळीचा लोट उठवत, घंटा वाजवत, अग्निशमन दलाची लाल गाडी शेताच्या कडेनं आली, आणि तिच्यातून दलाची कप्तान लीआन फिट्झनर उडी मारून उतरली. तिच्यामागे पाइप ओढत चौघं स्वयंसेवक. त्यांतले दोघं रेल्वे मंडळाचेही सभासद होते. ते नेव्हिलकडे बघेनात.

"धूर कुठून आला?" लीआननं विचारलं.

खिडक्याखिडक्यांतून डोकी बाहेर आली होती. कॅमेरेवाले उतरले होते. नेव्हिल सज्ज्याच्या पायऱ्या उतरून रुळाकडेला उभा राहिला, कोटावर राख, हातात रिकामा डबा. त्यानं शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.

"धूर नव्हता तो. माझी बायको होती."

कुणी हसलं नाही. लीआन लहानपणापासून डल्सीचे स्कोन खात मोठी झाली होती. तिनं रिकाम्या डब्याकडे पाहिलं, मग गव्हाकडे. शिरस्त्राण काढून काखेत धरलं. वाऱ्यानं तिचे केस तोंडावर आले, ते तिनं तसेच राहू दिले. ॲल्विननं तोंड उघडलं, पण व्हर्नानं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं ते मिटलं.

"नेव्हकाका," लीआन म्हणाली, "मला कळतंय. पण धुराची वर्दी आलीय. वर्दी आली की जागा भिजवल्याशिवाय मला परत जाता येत नाही. नियम आहे."

नेव्हिलनं मान डोलावली. "बरोबर आहे."

पाइप फुगला. तडकलेल्या मातीवर पाण्याची कमान पडली, धुळीचा वास उठला, गव्हाची ताटं वाकून पुन्हा उभी राहिली. कितीतरी महिन्यांत त्या जमिनीला पाणी लागलं नव्हतं. ते दिसेनासं होत होतं. उतारू, गार्ड, ड्रायव्हर, सगळे उघड्या उन्हात उभे होते. नेव्हिल रुळाच्या कडेनं दोन पावलं पुढे आला. पाइप धरलेल्या माणसाच्या खांद्याला त्यानं हात लावला आणि तळ्याच्या दिशेला बोट केलं.

"तिकडे थोडं मारा," तो म्हणाला. "वारा तिकडे वाहत होता. ती तिकडे जास्त गेली."